रंगाऱ्याचा पाहुणचार

नदी जिथे वळसा घेते, तिथल्या एका गावात एक रंगारी राहत होता. मंजिष्ठेच्या मुळ्या उकळून तो असा लाल रंग काढायचा, की पंचक्रोशीतल्या नवऱ्या मुली लग्नात लाल लुगडं हवं तर त्याच्याच हातचं, म्हणून हटून बसायच्या. त्याच्या आजोबांनी रंगाचे हंडे मांडले होते, वडिलांनी नाव कमावलं होतं, आणि आता ते नाव सांभाळायची पाळी त्याची होती. नाव सांभाळायचं म्हणजे त्यावर पडलेला डाग कुणाला दिसू द्यायचा नाही, अशी त्याची भाबडी समजूत होती.

डाग मात्र पडू लागले होते. अधूनमधून एखादी बाई तोंड पाडून यायची आणि म्हणायची, "दादा, लुगडं पहिल्यांदाच धुतलं आणि मालकांचं धोतर गुलाबी झालं." रंगारी तिची गोड बोलून समजूत घालायचा, दुसरं लुगडं द्यायचा आणि परत आलेलं माळ्यावर कोंड्याच्या पोत्यांमागे कोंबून ठेवायचा. कामावरच्या माणसांपुढे तो विषयच काढत नसे. लपवलेलं दुखणं आपोआप बरं होतं असं मानणाऱ्यांची जगात काही कमी नाही, त्यांतलाच हा एक.

पेठेतला कापडाचा व्यापारी त्याला वर्षाचं बहुतेक काम द्यायचा. एके दिवशी तो ओसरीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "रंगारीबुवा, तक्रारी माझ्याही कानावर येताहेत. वैशाखातली लगीनसराई होईपर्यंत वाट पाहतो. तोवर सुधारलं नाही, तर काम दुसरीकडे द्यावं लागेल. राग मानू नका."

रंगाऱ्याने मनात हिशेब मांडला. व्यापारी गेला की हंडे थंड पडणार, आणि त्या हंड्यांच्या जिवावर तर त्याचं आणि चार कामकऱ्यांचं घर चालत होतं.

त्याची बायको शहाणी होती. ती म्हणाली, "अहो, पलीकडच्या गावात ते म्हातारे कारभारी आहेत ना, त्यांना बोलवा. त्यांनी कितीतरी बसलेले धंदे उभे केलेत. ते येऊन पाहतात, विचारतात आणि काय चुकतंय ते सांगतात."

रंगाऱ्याला ते पटलं. निरोप गेला, मानधन ठरलं आणि कारभाऱ्याने पौष महिन्यातला एक दिवस दिला.

तो दिवस जवळ आला तशी रंगाऱ्याच्या घरात एकच धांदल उडाली. एवढा मोठा माणूस दारात येणार म्हणजे पाहुणाच की. त्याने भिंतींना चुना लावला, अंगणात सडा-रांगोळी केली, दाराला तोरण बांधलं. फुटक्या काठांचे हंडे चटयांखाली झाकले. माळ्याच्या तोंडाशी जुना पडदा टांगला. वडिलांच्या हातचं कापडाचं एक जुनं, रसरशीत लाल थान पेटीतून काढून समोरच टांगलं. आणि कामकऱ्यांना बजावलं, "पाहुण्यांसमोर कुणी तोंड उघडायचं नाही. विचारलं तर म्हणायचं, सगळं छान आहे."

बायको म्हणाली, "अहो, काय बिघडलंय ते बघायला त्यांना बोलावलंय ना आपण?"

"तुला नाही कळायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची," रंगारी म्हणाला.

कारभारी आला. पांढऱ्या मिशा, हातात काठी, डोळे मात्र चौकस. त्याने हंड्यांकडे जायला पाऊल उचललं, तर रंगाऱ्याने त्याला पाटावर बसवलं. पुरणपोळी झाली, वर साजूक तूप झालं, विडा झाला. मग वामकुक्षीसाठी अंथरूण घातलं गेलं. दुपार कलल्यावर कारभारी पुन्हा उठला, तेव्हा त्याला ग्रामदेवतेच्या दर्शनाला नेण्यात आलं.

संध्याकाळी कुठे त्याला हंड्यांपाशी उभं राहायला मिळालं. त्याने विचारलं, "काम कसं चाललंय?"

"तुमच्या आशीर्वादाने उत्तम."

"रंग पक्का आहे ना?"

खरं सांगायची हीच वेळ होती, आणि ते रंगाऱ्यालाही कळत होतं. पण आजूबाजूला कामकरी उभे होते, समोर वडिलांचं थान झळकत होतं, आणि त्याला लाज वाटली. तो म्हणाला, "बापजाद्यांपासून पक्का आहे."

"मग अडचण काय आहे?"

"तशी काही नाही. काम थोडं कमी झालंय, इतकंच."

कारभाऱ्याने थानावरून हात फिरवला. "माल असा आहे आणि काम कमी आहे, म्हणजे लोकांना तुमची माहिती नसावी. येत्या पौर्णिमेला देवीची जत्रा आहे. तिथे पाल ठोका आणि शक्य तितकी लाल लुगडी मांडा. लोक बघतील, नेतील, नाव पसरेल." एवढं सांगून तो आपल्या गावी गेला.

रंगारी खूश झाला. मूठही उघडली नाही आणि सल्लाही मिळाला. त्याने जत्रेसाठी माणसांना हंड्यांसमोरून हलू दिलं नाही. जत्रेच्या दिवशी त्याचं पाल लालेलाल दिसत होतं आणि दुपारपर्यंत ते रिकामं झालं.

आता त्या देवीची रीत अशी, की नवं लुगडं नेसून बायका कुंडात बुडी मारतात आणि ओलेत्याने प्रदक्षिणा घालतात. दिवस मावळायच्या आत कुंडाचं पाणी लाल झालं. बायकांचे पाय लाल, देवळाच्या पायऱ्या लाल, आणि पुजाऱ्याचा चेहरा तर त्याहून लाल. आजवर जी गोष्ट पंधरा-वीस घरांना माहीत होती, ती आता साऱ्या पंचक्रोशीला कळली. नाव पसरायचं होतं, ते पसरलंच.

रंगारी तणतणत पलीकडच्या गावात गेला. कारभारी अंगणात शेंगा सोलत बसला होता.

"कसले कारभारी तुम्ही, उंटावरचे शहाणे," रंगारी म्हणाला. "तुमच्या सल्ल्याने माझं होतं नव्हतं ते गेलं."

कारभाऱ्याने शेंगांची परडी बाजूला ठेवली. "रंग पक्का आहे का, असं मी विचारलं होतं."

रंगारी समोरच्या दगडावर टेकला.

"चूक माझीही झाली," कारभारी शांतपणे म्हणाला. "पुरणपोळी खाऊन मी सुस्तावलो. तुमच्या हातच्या एखाद्या लुगड्याचा पदर तांब्यातल्या पाण्यात बुडवून पाहायला हवा होता. पण रंगारीबुवा, आता कळतंय, तुम्ही मला दाखवलं तुमच्या वडिलांचं काम, आणि सल्ला हवा होता तुमच्या कामासाठी. मग रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असंच होणार की."

"आता पुढे काय?" रंगाऱ्याचा आवाज खाली आला होता.

"मी पुन्हा येतो. मानधन नको. पण पाहुणा म्हणून येणार नाही. जेवायला तुमच्या माणसांबरोबर भाकरी खाईन. आणि त्या दिवशी पडद्यामागे जे लपवलं होतं, ते आधी बघेन."

रंगारी चपापला. "पडदा तुमच्या लक्षात आला होता?"

"नवा चुना लावलेल्या भिंतीवर जुना पडदा कोण टांगतं?"

दुसऱ्या दिवशी कारभारी सकाळीच दारात हजर झाला. तोरण नव्हतं, रांगोळीही नव्हती. रंगारी माळ्याखाली उभा राहिला. कामकरी बघत होते, बायको बघत होती. पडद्याला हात घालताना त्याला वाटलं, यापेक्षा नदीत उडी मारलेली बरी. पण त्याने पडदा ओढला. कोंड्याची पोती सरकवली आणि एकेक विटलेलं लुगडं खाली टाकत गेला. अंगणात ढीग झाला. "हे सगळं माझ्या हातचं आहे," तो म्हणाला. "माझा रंग उतरतो."

कुणी हसलं नाही. उलट एक कामकरी पुढे झाला आणि लुगड्यांच्या घड्या घालू लागला.

कारभारी ढिगापाशी बसला. एकेक लुगडं उचलून तो विचारायचा, "हे कुणाचं? केव्हा रंगवलं होतं?" बायकोला बरंच आठवत होतं. हे कासाराच्या लेकीचं, दिवाळीतलं. हे सुताराच्या सुनेचं, लगीनसराईतलं. हेही दिवाळीतलंच. कामकऱ्यांनाही एकेक आठवू लागलं. थोड्या वेळाने कारभाऱ्याने हात झाडले.

"श्रावणातलं एकही नाही," तो म्हणाला. "माघातलंही नाही. सगळी घाईच्या दिवसांतली. तेव्हा तुम्ही असं काय करता, जे एरवी करत नाही?"

रंगाऱ्याने ढिगातलं एक लुगडं हातात घेतलं. मग म्हणाला, "एरवी कापड हिरड्याच्या पाण्यातून काढतो, मग तुरटीच्या. वाळवून काही दिवस मुरू देतो आणि मगच लाल रंगात टाकतो. घाईत मुरू देत नाही. लगेच हंड्यात टाकतो." त्याने लुगडं खाली ठेवलं. "जत्रेच्या वेळीही तेच केलं. वडील असते तर त्यांनी हात धरला असता."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं वाटतं," रंगारी म्हणाला. मग जरा फणकाऱ्याने त्याने विचारलं, "मला ठाऊक होतं, तर तुम्ही काय केलंत?"

"मी विचारलं," कारभारी हसून म्हणाला. "आणि आता सांगतो. घाई टळणार नाही, सण आणि लग्नं आपल्या वेळेला येणारच. पण मुरवायचं काम घाईत कशाला करता? मंदीच्या दिवसांत थानं हिरड्यातून, तुरटीतून काढा आणि वाळवून रचून ठेवा. ती जितकी मुरतील तितकी चांगली. घाई आली की नुसता रंग द्यायचा. आणि मुरलेली थानं संपली, की तोंडाने 'नाही' म्हणायला शिका. हे शेवटचं सगळ्यांत अवघड आहे आणि ते तुमच्यासाठी मला करता येणार नाही."

दुपारी सगळ्यांनी मिळून झुणका-भाकर खाल्ली. माघ आणि फाल्गुन अंगणातल्या दोऱ्यांवर थानं वाळत राहिली. कामकरी आता न विचारताही बोलू लागले. या थानाला तुरटी कमी पडली, त्या थानाला ऊन कमी मिळालं. रंगारी ऐकायचा. सुरुवातीला त्याला ते टोचायचं, नंतर सवय झाली.

चैत्र संपता संपता व्यापारी आला. "यंदा मुहूर्त फार आहेत," तो म्हणाला. "दरवर्षीच्या दुप्पट लुगडी हवीत, अक्षय्य तृतीयेच्या आत. देता की जाऊ पुढच्या गावी?"

सगळे रंगाऱ्याच्या तोंडाकडे बघू लागले. 'हो' म्हटलं तर काम वाचणार होतं. 'नाही' म्हटलं तर कदाचित आजच हंडे थंड पडणार होते.

"शेटजी," तो म्हणाला, "दुप्पट नाही जमणार. माझ्याकडे मुरलेली थानं दरवर्षीइतकीच आहेत. त्यावर एक जरी जास्त रंगवलं, तर त्याचा रंग जाईल. जत्रेत जे झालं ते यामुळेच झालं. ती चूक माझीच होती."

व्यापाऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तो दोरीवरच्या नव्या लुगड्यापाशी गेला, त्याचा पदर पाण्याच्या घंगाळात बुडवला, चांगला चोळला आणि पिळला. घंगाळातलं पाणी होतं तसंच राहिलं.

"वाटेत दोन रंगाऱ्यांना विचारून आलो," व्यापारी हात पुसत म्हणाला. "दोघेही लगेच 'हो' म्हणाले. मला तेव्हाच भीती वाटली." तो ओसरीवर टेकला. "जेवढी पक्की आहेत तेवढी द्या. आणि पुढच्या वर्षी किती थानं मुरवायची, ते आत्ताच ठरवू या."

रंगाऱ्याच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

तात्पर्य: सल्ला घ्यायला ज्याला बोलावलं, त्याच्यापुढे घर सजवू नये, घरातलं दुखणं मांडावं. आणि औषध कळलं, की ते आपणच घ्यावं, कडू लागलं तरी.