मागांची गल्ली गप्प झाली तेव्हा

एक होती गल्ली. राजा येतोय मागून, घाई करू नका! आधी गल्ली. ती होती कोष्ट्यांची, म्हणजे विणकरांची. घराघरात माग. दिवस उजाडला की सगळे माग बोलायला लागायचे. खटक-खट, खटक-खट. मल्हारी कोष्ट्याची बकुळा त्याच आवाजात जन्मली, त्याच आवाजात दूध प्यायली. आता ती सात वर्षांची झाली होती. डोळे मिटून सांगायची, "हा शेजारच्या तात्यांचा माग, तिसऱ्या ठोक्याला शिंकतो. ही यमुनाकाकू. आज रागावलीय वाटतं!"

गल्लीतलं कुणी देवाघरी गेलं तरच माग थांबायचे. एरवी नाही. हे ध्यानात ठेवा, बरं का.

तर एकदा काय झालं, बकुळा खेळता खेळता दमायला लागली. अंगावर निळे डाग उठले. ताप काही जाईना. मग मल्हारीनं सात डोंगरांपलीकडच्या वैदीणबाईंना निरोप धाडला. त्या आल्या पांढऱ्या बगळ्यावर बसून. बगळा अंगणात उतरला तो नेमका वाळत घातलेल्या सुतावर. बकुळाची आई सगुणा एरवी त्याला झाडूनं हाकलती, पण त्या दिवशी तिला काही दिसतच नव्हतं.

वैदीणबाईंनी बकुळाच्या बोटातलं थेंबभर रक्त उन्हात धरलं. म्हणाल्या, "रक्तात तण माजलंय."

मोठी माणसं त्याला कॅन्सर म्हणतात, बाळांनो.

सगुणा रडायला लागली. "माझंच चुकलं. मी हिला तिन्हीसांजेला चिंचेखाली खेळू दिलं."

"चिंचेनं काही केलं नाही, बाई, आणि तूही नाही. हे कुणाच्या चुकीनं होत नाही. एकाचं दुसऱ्याला लागतही नाही. आपण खुरपणी करू. तीन पौर्णिमा, तीन रस. खुरपताना चार चांगली रोपंही उपटली जातात, पण ती पुन्हा उगवतात. फक्त तिसरी खुरपणी चुकवायची नाही. मुळं राहिली तर तण परत येईल."

पहिल्या पौर्णिमेला लाल रस. मग बकुळाचे सगळे केस गळाले. तिनं डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आई, नारळ!" यमुनाकाकूनं तिला रेशमाची टोपी शिवली. तात्या मल्हारीच्या मागावर जाऊन बसले. "तू पोरीपाशी थांब. लुगडं मी पुरं करतो. नाहीतरी तुझा काठ वाकडाच येतो!"

दुसऱ्या पौर्णिमेला पिवळा रस. मग तोंड आलं, उलट्या झाल्या. वैदीणबाई म्हणाल्या, "हिच्या अंगातले राखणदार दमून झोपलेत. सध्या बाहेरच्या कुणी जवळ यायचं नाही. हिला विश्रांती हवी." मग शेजारणी उंबऱ्यावरच पेज ठेवून मागे फिरायच्या.

एवढ्यानं गल्लीचं समाधान होईना. तात्या म्हणाले, "पोरीला झोप हवी, आणि आपण दिवसभर ठोकत बसतो. बंद ठेवू या माग." सगळ्यांना पटलं. राजाचा दसऱ्याचा शेला विणायचा होता, तोही राहिला. केवढी मायेची माणसं! आणि केवढी मोठी चूक!

मग आली तिसरी पौर्णिमा. दुधासारखा पांढरा रस. दिवेलागणीच्या आत तो पोटात जायलाच हवा होता. आणि बकुळानं तोंड घट्ट मिटून घेतलं. आईनं विनवलं. बाबांनी विनवलं. बगळ्यानं एका पायावर नाचून दाखवलं. नाही म्हणजे नाही!

ऊन भिंतीवरून खाली सरकलं. तेव्हा बकुळा हळूच म्हणाली, "आई, आता कशाला औषध? माग थांबलेत. मला कळतंय सगळं. तुम्ही कुणी सांगत नाही, एवढंच."

सगुणाला आता उमगलं. बारा दिवस पोर पडल्या पडल्या ती शांतता ऐकत होती, आणि आपण आता जाणार असं समजून बसली होती.

मल्हारी तसाच अनवाणी धावला. "तात्या! काकू! माग चालू करा!"

"हळू बोल की, पोर झोपलीय ना?"

"जागी आहे! तिला वाटतंय, तिच्यासाठीच माग थांबलेत!"

"मग? तिच्यासाठीच तर..." तात्या बोलता बोलता थांबले. आणि ते म्हातारपण विसरून मागाकडे पळाले.

नेमका तेव्हाच राजा आला, शेला कुठे अडलाय ते बघायला. शेला गणूआजोबांच्या मागावर अर्धा विणून पडला होता, आणि ते नदीवर गेलेले. यमुनाकाकू राजावरच ओरडली, "बघत काय उभे राहिलात? बसा त्या मागावर! आणि मुकुट काढून ठेवा, सूत घेऊन पळणाऱ्या धोट्याला लागेल."

राजा गुपचूप बसला, बरं का.

इकडे बकुळानं कान टवकारले. खटक-खट, खटक-खट. "हा तात्यांचा. ही काकू." गालांवर रंग चढायला लागला. मग मध्येच आलं, खट... धप्प... खटक... अगाई गं!

"आई, हा कोण?"

सगुणानं खिडकीतून वाकून पाहिलं. "अगं बाई! राजा!"

बकुळा अशी हसली, अशी हसली, की टोपी घसरून नाकावर आली. "आणा तो रस लवकर. राजा काय विणतोय ते मला बघायचंय!"

"बाहेर जायचं नाही अजून," वैदीणबाई म्हणाल्या.

"मग त्याला म्हणावं, खिडकीतून दाखव."

तिनं नाक मुरडलं, डोळे मिटले आणि रस गटागटा प्यायली. राजानं शेला खिडकीशी आणला. एक टोक हातभर लांब, मध्ये एवढं भोक! पण दसऱ्याला तोच पांघरून तो मिरवला.

पुढे वैदीणबाईंनी पुन्हा रक्त उन्हात धरलं. तणाची एक काडी नाही! बकुळाला नवे केस आले, तेही कुरळे. राखणदार जागे झाले, दार उघडलं आणि गल्लीतली सगळी पोरं एकदम आत घुसली. तेव्हापासून गल्लीनं एक रीत घातली. आजारी माणसाला काय हवं, ते आधी त्यालाच विचारायचं.

बकुळा मोठी झाली, आणि सगळे हसतखेळत नांदले. चला, पाय पांघरुणात घ्या. आणि कुणाला काही हवंय का? पाणी? उशी? आजीचा हात? हा घ्या. आता झोपा.