फिल्टरवरचा बाण

जळगावात ऐन मे महिन्यात माईंचा दमा उसळला, तेव्हा त्यांचे चिरंजीव, निवृत्त मुख्य अभियंता त्र्यंबक गर्गे यांनी आधी काय केलं? एसी नीट साफ होत नाही म्हणून त्याच्या सर्व्हिसला येणाऱ्या रेश्मा तडवीविरुद्ध तक्रार लिहिली. तक्रार कंपनीत पोचली की रेश्माची नोकरी जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. छतातल्या एसीचा नवा फिल्टर मात्र त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवला होता.

रेश्मा आली तेव्हा माई पलंगावर बसून धापा टाकत होत्या आणि गर्गे तक्रारीचा कागद हातात घेऊन उभे होते. स्टुलावर चढून तिने छताची जाळी उघडली.

"साहेब, फिल्टर उलटा बसलाय. हवेची दिशा दाखवणारा हा बाण मशीनकडे असायला हवा. असा उलटा फिल्टर वाकतो आणि कडेने धूळ आत जाते."

"मला शिकवू नकोस! एसी हवा खोलीत सोडतो, म्हणून बाण खोलीकडे. तीस वर्षं इंजिनिअर होतो मी!"

माईंच्या छातीतून शिट्टी वाजू लागली. रेश्माने जाळी लावली आणि ती खाली उतरली.

"या जाळीतून हवा बाहेर येते ना? मग तुमची तक्रार तिथे धरा आणि सोडून द्या."

गर्गे तावातावाने स्टुलावर चढले. कागद सोडताच तो जाळीला घट्ट चिकटला.

"हवा इथून आत ओढली जाते, साहेब. बाहेर येत असती, तर तुमची तक्रार तुमच्याच तोंडावर आली असती."



"त्र्यंबक," माई कशाबशा म्हणाल्या, "खाली उतर. आणि तिच्यासाठी स्टूल धर."