नळीच्या वळणातले पाणी

एकदा एक शिष्य आपल्या गुरुजींच्या घरी गेला, तेव्हा गुरुजी स्वयंपाकघरात ओट्याखाली मांडी घालून बसले होते. शिष्याचे नाव वामन, वय पंचेचाळीस. शाळेत गुरुजींनी त्याला गणित शिकवले होते, आणि अजूनही कोणत्याही महत्त्वाच्या कामाआधी तो त्यांच्या पाया पडायला येत असे.

त्या दिवशीचे काम खरोखर मोठे होते. गेल्या वर्षी थोरल्या भावाने वडिलांचे श्राद्ध वामनला न कळवता उरकले, आणि तेव्हापासून दोघांत बोलणे नव्हते. पुढच्या आठवड्यात तीच तिथी पुन्हा येत होती. यंदा दोन घरांत दोन श्राद्धे झाली, तर ही फूट कायमची, हे वामन जाणून होता.

“गुरुजी, आज संध्याकाळी दादाकडे जातोय. सगळं बोलून टाकणार. मनात काही म्हणजे काही ठेवणार नाही.”

“उत्तम. आधी ती बादली इकडे सरकव.”

सिंक तुंबले होते. “तीन दिवस वरून सोडा नि उकळतं पाणी ओततायत,” गुरुजींच्या पत्नी, माई म्हणाल्या. “शेवटी म्हटलं, आता खाली बसा.”

गुरुजींनी सिंकखालच्या वळणदार नळीचे दोन्ही नट हाताने सैल केले आणि नळी काढली. काळपट पाणी बादलीत पडले. पाठोपाठ चहाचा चोथा, भाताची शिते, नारळाच्या शेंड्या आणि तुपाने माखलेला कढीपत्ता. वामनने मोठ्या उत्साहाने नळी घेतली, सिंकमध्ये धरली आणि धुण्यासाठी नळ सोडला. सगळे पाणी सरळ गुरुजींच्या मांडीवर!

“अरे वामन! नळी तुझ्या हातात आहे. पाणी कुठून जाईल, माझ्या धोतरातून?”

“असू दे रे,” माई हसत म्हणाल्या, “आंघोळ राहिलीच होती त्यांची.”

ओशाळलेल्या वामनने नळी मागच्या अंगणात नेली आणि दातांच्या जुन्या ब्रशने आतून घासून लख्ख केली. गुरुजींनी ती पुन्हा बसवली. मग माठातले तांब्याभर स्वच्छ पाणी घेऊन ते सावकाश सिंकमध्ये ओतले, आणि खाली वाकून सांध्यांवरून बोट फिरवले. कुठेही थेंब नव्हता. “झालं,” ते म्हणाले.

वामन नळीकडे पाहत राहिला. “पण गुरुजी, ह्यातलं थोडं पाणी त्या वळणात अडकून राहणार. आत्ताच तर साचलेलं काढलं! त्यापेक्षा हे वळणच नको. सरळ नळी बसवू, पुन्हा तुंबायला नको.”

“मागच्या वर्षी तेच केलं होतं ह्यांनी,” माई म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी गटाराचा वास पार देवघरापर्यंत. उदबत्त्यांचे पुडे संपले माझे.”

गुरुजी हात पुसत म्हणाले, “गणिताच्या माणसाला वाटलं, दोन बिंदूंमधला जवळचा मार्ग तो चांगला. चुकलो. वामन, वळणात घाण अडकते हे खरं, म्हणून ती वेळोवेळी काढावी लागते. पण त्याच वळणात थोडं स्वच्छ पाणी उभं असतं, म्हणून खालची दुर्गंधी घरात येत नाही. घाण काढली आणि नळी कोरडी ठेवली, तर काम अर्धंच झालं. आता सांग, दादाला काय काय सांगणार आहेस?”

वामनने सांगितले. श्राद्धाचे सांगितले, पुतणीच्या साखरपुड्याला ऐन वेळी आलेल्या निरोपाचे सांगितले, आणखी पाच गोष्टी सांगितल्या.

“आणि मग?”

“मग काय? मन मोकळं झालं की निघायचं.”

गुरुजींनी ओट्यावरचा रिकामा तांब्या उचलून त्याच्यासमोर धरला. वामनने आधी तांब्याकडे पाहिले, मग नळीच्या वळणाकडे.

संध्याकाळी तो दादाकडे गेला. सातांपैकी दोनच गोष्टी त्याने सांगितल्या, पण त्या आडपडदा न ठेवता सांगितल्या. दादांनीही ऐकवले, “दरवेळी मीच कळवायचं का? बाबांची तिथी तुला पाठ नाही? एकदा तरी आपणहून विचारलंस?” “नाही विचारलं,” वामन म्हणाला. “चुकलं माझं.”

सांगायचे होते ते सांगून झाले होते. एरवी ह्याच क्षणी तो चपला घालून निघाला असता. त्याऐवजी त्याने स्वयंपाकघराकडे पाहून हाक मारली, “वहिनी, भाजी काय केलीय?”

“शेपूची. तुला आवडत नाही ती,” आतून उत्तर आले.

“चालेल. मी जेवूनच जाणार आहे.”

दादा उठले, आणि त्यांनी आपल्या शेजारी दुसरे ताट मांडले.