आचार्य सुनेत्रांची वाटी

पूर्वी शुभावती नगरीवर दीर्घबाहू राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व राजाच्या उद्यानात कोंबड्याच्या जन्माला आले होते. त्यांच्यासोबत सात कोंबड्या होत्या आणि त्या सगळ्यांना राखणारी तिष्या नावाची एक वयस्क बाई होती.

उद्यानात प्राण्यांची फार गर्दी झाली, तेव्हा राजाने आज्ञा केली, "शहाणे असतील त्यांना राहू द्या. मूर्ख ठरतील ते उद्या पाकशाळेत."

पारख करायला आचार्य सुनेत्र आले. माणूस दुष्ट नव्हता हो, पण स्वतःच्या मापावर त्यांचा भारी विश्वास! लाकडी वाटी पालथी घालायची, खाली तांदळाचे दाणे ठेवायचे आणि प्राण्याला एकट्याने समोर सोडायचे. जो वाटी उलटून झटपट खाईल तो शहाणा. माकड उत्तीर्ण झाले, कावळा झाला. मुंगसाने तर दाणे खाऊन वाटीही पळवली, तरी त्याला शाबासकी मिळाली.

मग कोंबड्याची पाळी आली. कोंबड्या बांबूच्या डालग्याखाली झाकल्या आणि त्याचा पाय दोरीने खुंटीला बांधला. त्याने पहिल्याच चोचीत वाटी उलटली. पण खाईना! दाणा उचलायचा, खाली टाकायचा, परत उचलायचा आणि कुक-कुक करीत राहायचे.

"काय हा बावळटपणा!" आचार्य हसले. "अन्न चोचीत आले तरी खायचे कळत नाही."

"आचार्य, तो खात नाहीये, बोलावतोय," तिष्या कळवळून म्हणाली. "त्याच्या कोंबड्या डालग्यात आहेत ना!"

"तुझी माया बोलते आहे, बाई." आचार्यांनी ताडपत्रावर लिहिले, 'मूर्ख. कळपासह पाकशाळेत.' तिष्येच्या डोळ्यांत पाणी आले, पण तिचे कोण ऐकणार?

दुपारी आचार्य तिथेच झाडाखाली टेकले. एवढ्यात कोंबडा कर्कश ओरडू लागला. आचार्य दचकले, घार आली असेल म्हणून वर आभाळात बघू लागले. डालग्याच्या फटींतून तिष्येला दिसले, सातही कोंबड्या माना ताठ करून उभ्या होत्या. घार असती तर त्या जमिनीला दबून बसल्या असत्या.

"वर काय बघता? खाली बघा! हे ओरडणे घार आल्याचे नव्हे!" ती ओरडली.

आचार्यांच्या टाचेपासून वीतभर अंतरावर नाग होता. तिष्येने त्यांना हात धरून मागे खेचले. नाग आवाजाच्या दिशेने वळला, फणा काढून बांधलेल्या कोंबड्यासमोर क्षणभर थांबला आणि गवतात निघून गेला. कोंबडा गप्प बसला असता तर नागाचे त्याच्याकडे लक्षही गेले नसते.

आचार्य कोंबड्याकडे वळले. ज्याला आपण मरण लिहून दिले, त्यानेच आपल्याला जीवदान दिले! त्यांनी ताडपत्र फाडले, स्वतःच्या हातांनी दोरी सोडली आणि डालगे उचलले. कोंबडा पुन्हा कुक-कुक करू लागला. साती जणी धावत आल्या, दाणे टिपू लागल्या. त्यांचे झाल्यावर उरलेले दोन दाणे कोंबड्याने खाल्ले. आचार्यांनी त्याला हात जोडले, मग तिष्येला.

राजासमोर ते म्हणाले, "महाराज, आज उद्यानात एकच प्राणी नापास झाला, तो मी. सात कोंबड्यांना जी हाक कळली, ती मला कळली नाही. माझ्या वाटीत मावेल तेवढीच बुद्धी मी मोजत होतो."

राजाने आज्ञा मागे घेतली आणि सगळ्याच प्राण्यांना अभय दिले.

विहारात जमलेल्या भिक्षूंना एवढे सांगून त्यांचे गुरू, शास्ता, शांतपणे म्हणाले, "भिक्षूंनो, आज सकाळी आपल्या सोबत्याला मंदबुद्धी म्हणून हसलेला भिक्षू त्या वेळी सुनेत्र होता. विहाराला रोज दूध देणारी गवळण तिष्या होती. तो कोंबडा मीच होतो. मारणाऱ्यालाही सावध करणे ही मैत्री, आणि वाचवणाऱ्याला ओळखून हात जोडणे ही कृतज्ञता." तो भिक्षू उठला आणि भरल्या डोळ्यांनी सोबत्याच्या पायाशी जाऊन बसला.