पन्ह्यातले राजगुरू किती?

चैत्रगौरीच्या नैवेद्याचं पन्हं दोन हंडे भरून तयार होतं, आणि दोन्ही हंडे बिघडले होते!

राजगुरू विद्यानिधीशास्त्र्यांनी सकाळीच मुदपाकखान्यात येऊन फर्मावलं होतं, "दहा पळ्या पन्ह्यात एक पळी गुळाचा पाक!" मागोमाग दिवाणजी आले. "छे! चार पळ्या!" दोघांचे केस पांढरे, दोघांचा आवाज मोठा. भिकंभट आचाऱ्याने मुकाट्याने एकेकाचं ऐकून एकेक हंडा केला.

राजा रणधीर भडकला. "आईसाहेबांचं प्रमाण दहात दोन पळ्यांचं! भिकंभट, या चांदीच्या घड्यात मोजून तीस पळ्या मावतात. याच दोन हंड्यांतून तो भर. चुलीवरून उतरलेल्या नैवेद्यात वरून काही घालायचं नाही आणि गौरीच्या आधी थेंबभर चाखायचं नाही! चव चुकली तर राज्याबाहेर!"

भिकंभट मटकन खाली बसला. न चाखता चव जुळवायची कशी?

"चूक यांची, आणि राज्याबाहेर माझे बाबा?" भिकंभटाची मुलगी मथी पदर खोचून पुढे आली.

"पोरी, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये!" राजगुरू गरजले.

"मोठेच बोलले, म्हणून तर दोन हंडे बिघडले!"

राजाने मिशीआड हसू दाबलं. "तुला जमेल?"

"जमेल. दिवाणजींच्या गोड हंड्यातून किती पळ्या घ्यायच्या, ते ठाऊक नाही. ठाऊक नसलेल्या आकड्याला आधी नाव द्यायचं. त्याला आपण राजगुरू म्हणू."

"माझंच नाव का?"

"काहीच पत्ता लागत नाही, अशा आकड्याला साजेसं नाव नको?"

दिवाणजी खो खो हसले. मथीने कोळसा घेतला आणि फरशीवर लिहू लागली.

"पळीचे दहा वाटे धरा. गोड पळीत पाकाचे वाटे चार, अगोड पळीत एक. आपल्याला हवेत दोन, म्हणजे तीस पळ्यांना साठ. गोड पळ्या राजगुरू, तर अगोड पळ्या तीस वजा राजगुरू. वाटे किती? गोड पळ्यांचे चार राजगुरू. अगोड पळ्यांचे तीस, वजा एक राजगुरू. चारांतला एक गेला..."

"अरेरे!" दिवाणजी म्हणाले.

"उरले तीन. तीन राजगुरू आणि तीस मिळून साठ. मग तीन राजगुरू म्हणजे तीस, आणि एक राजगुरू..."

"दहा!" राजाच ओरडला.

"दहा गोड, वीस अगोड. बाबा, उठा, घडा भरा!"

"थांब! ताळा कुठे आहे?" राजगुरूंनी बोट उगारलं.

"दहा गोड पळ्यांत चाळीस वाटे, वीस अगोड पळ्यांत वीस. झाले की नाही साठ? का मोजायला माझीही बोटं हवीत?"

घडा भरला. गौरीला नैवेद्य दाखवला. मग राजाने पेला तोंडाला लावला आणि डोळे मिटले.

"आईसाहेबांच्या हातचं!" राजा म्हणाला. "भिकंभट, आजपासून मुदपाकखान्याच्या किल्ल्या तुझ्याकडे. मथी, तुला काय हवं?"

"पुढच्या चैत्रात राजगुरू आणि दिवाणजी, दोघांनीही मुदपाकखान्यात पाऊल ठेवायचं नाही."

"कबूल! आणि मी?"

"तुम्ही या ना महाराज. पण नैवेद्य झाल्यावर, आणि फक्त प्यायला!"

राजा इतका हसला की पन्हं मिशीवरून ओघळलं. त्याने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून मथीच्या हातात ठेवला आणि रिकामा पेला पुढे केला.

"वाढ आणखी एक राजगुरू!"