गाडीखालचा पुठ्ठा

“मग दिवा लावतंय कोण, वस्ताद?”

निवासने हे विचारलं तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. एरवी तो प्रश्न विचारायचाच नाही, उत्तरंच द्यायचा.

दस्तगीर वस्तादांनी बॉनेटखालून मान बाहेर काढली नाही.

“वायर तोडलीस म्हणतोस?”

“माझ्या हातानं. टोकाला टेप गुंडाळली. तेलाचा सेन्सर नवा घातला, दिवा लागतोच. खाली तेलाचा डाग पडतोय म्हणून इंजिनाची सगळी सीलं बदलली, तरी लागतोच. शेवटी दिव्याची वायरच तोडून टाकली. आता वायर न्हाई, तर दिवा लागंल कसा?”

“हं...”

घाटमाथ्यावर भर दुपारी धुकं उतरलं होतं. गगनबावड्याच्या त्या गॅरेजात पत्र्याखाली बल्ब लावून काम चाललं होतं. रस्त्यापलीकडचं चहाचं दुकान दिसत नव्हतं, त्याच्या स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता.

निवास वस्तादांचाच चेला. इथंच रॉकेलमध्ये नट खोलायचे पाने धूत शिकला आणि पुढे कोल्हापुरात जाऊन मोठं गॅरेज काढलं. त्याच्याकडे स्कॅनर होता. गाडीला जोडला की तिच्या पोटात काय दुखतंय ते पडद्यावर लिहून यायचं. तो स्कॅनर हातात आल्यापासून गडी जरा हवेतच होता. वस्तादांचं नाव निघालं की हसून म्हणायचा, “म्हातारा अजून पेचकस कानाला लावून इंजिन ऐकतोय.”

आज त्याच म्हाताऱ्याच्या दारात आला होता. स्कॅनर मागच्या सीटवर पडला होता. स्कॅनरच्या मते गाडीत काहीच बिघाड नव्हता.

गाडी जुनी, राखाडी. निवासने ती आपल्या आक्कासाठी घेतली आणि स्वतः उघडून दुरुस्त केली. आक्का नर्स. तिची बदली घाटाखालच्या दवाखान्यात झाली होती आणि तिला गाडी लागणार होती. चालवता तिला चांगली येत होती. पण पहिल्यांदा घाटातून मीच उतरवणार, हा भावाचा हट्ट. आईमागं आक्कानंच त्याला वाढवलं होतं. तिच्या जिवावर काही बेतलं असतं तर त्याला जगाला दाखवायला तोंड उरलं नसतं.

म्हणून त्याला वस्तादांची टकटक हवी होती.

त्या बाजूच्या ड्रायव्हरांचा रिवाजच होता तो. घाट उतरण्याआधी गाडी वस्तादांकडे उभी करायची. त्यांचं बघून झालं की ते बॉनेटवर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करत. मग गाडी खाली जायची. टकटक झाली नाही तर कितीही घाई असो, कुणी उतरत नसे.

वस्तादांनी आधी ती तोडलेली वायर जोडली. मग सेन्सर काढून त्या जागी तेलाचा दाब दाखवणारं घड्याळ लावलं आणि इंजिन चालू करायला सांगितलं. काटा झटकन वर गेला आणि वरच राहिला. दाब चांगला होता. त्यांनी घड्याळ उतरवलं, सेन्सर परत बसवला आणि हात पुसले.

“आक्काला हाक मार.”

आक्का चहाच्या दुकानातून धुक्यातनं चालत आली.

“पोरी, बस. चावी फिरव.”

तिनं चावी फिरवली. डॅशबोर्डवर तेलाचा दिवा लागला. इंजिनाला तेल पोचत नसलं की लागतो तो; त्यावर किटलीचं चित्र असतं, म्हणून ड्रायव्हर त्याला लाल किटलीच म्हणतात. इंजिन सुरू झालं आणि किटली विझली. अगदी जशी विझायला हवी तशी.

“बंद करू नकोस. उतर. निवास, आता तू बस.”

निवास बसला.

किटली पेटली. लालभडक.

“उतर.”

तो उतरला. किटली विझली.

वस्तादांनी त्याला पुन्हा बसवलं. पुन्हा पेटली. आक्का हसू लागली, मग भावाचा चेहरा बघून गप्प झाली.

“सीटखाली वायर दबत असंल, वस्ताद. माझं वजन जास्त...” निवास म्हणाला. त्या सीटखालून ती वायर जातच नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण माणूस अशा वेळी काहीतरी बोलतोच.

“असंल,” वस्ताद म्हणाले. “पोरी, तू दुकानात जाऊन बस. थंडी आहे.”

मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि कोपऱ्यातला एक कोरा पुठ्ठा आणला. ही त्यांची जुनी रीत. कुठून तेल गळतंय ते शोधायला ते गाडीखाली डोकं घालत नसत. कोरा पुठ्ठा सरकवायचा, चहा मागवायचा आणि निवांत प्यायचा. चहा संपेपर्यंत पुठ्ठा सगळं सांगायचा.

“डाग कुठं पडतोय म्हणालास?”

निवासने बोट दाखवलं. बोट इंजिनाकडे नव्हतं. ड्रायव्हरच्या सीटखाली होतं.

“तिथं? इंजिन पुढं, डाग मागं?”

“म्हणून तर आलो. तिथनं तेल जातच न्हाई. पण रोज एक थेंब असतोय. काल मी इंजिनाच्या चेंबरमधलं सगळं तेल काढून ठेवलं, गाडी कोरडी केली. बिनतेलाची गाडी फिरत न्हाई, म्हणून तसाच आत बसून बराच वेळ विचार करत होतो. उतरून बघतो तर... थेंब हजर.”

वस्तादांनी पुठ्ठा सीटच्या बरोबर खाली सरकवला. चहा आला. निवास तेलाच्या एका रिकाम्या डब्यावर बसला, वस्ताद जुन्या टायरवर. दोघांनी चहा प्यायला. धुकं पत्र्याखाली शिरलं आणि बल्बाभोवती घोटाळत राहिलं.

चहा संपला. वस्तादांनी पुठ्ठा ओढला.

कोरा होता.

निवासला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

वस्ताद पुठ्ठा हातात घेऊन वाकले आणि निवास बसला होता त्या डब्याच्या बुडाला पुठ्ठ्याची कड टेकवली.

“जरा उचल.”

निवास अर्धवट उठला. पुठ्ठा डब्याखाली गेला.

“बस.”

तो बसला. थट्टा चाललीय की काय, त्याला कळेना.

“निवास, आजवर किती जणांच्या वायरी तोडल्यास?”

“कुणाच्या?”

“दिवा लागतोय म्हणून तुझ्याकडं आलेल्यांच्या.”

निवास डब्याच्या कडेचा गंज नखानं खरवडू लागला.

“सांग की.”

“जुन्या गाड्यांचे सेन्सर खोटं बोलतात, वस्ताद. रोजचंच हाय ते. गिऱ्हाइकाला दिवा विझलेला पाहिजे असतोय. मी विझवतो. गिऱ्हाईक खूश, आपण मोकळे.”

“सगळे सेन्सर खोटं बोलत होते?”

“... बहुतेक.”

“बहुतेक,” वस्ताद म्हणाले.

खाली घाटात कुठेतरी एक हॉर्न वाजू लागला. लांबलचक. कुणीतरी त्यावर हात ठेवून विसरावं तसा वाजत राहिला. मग बंद झाला.

“त्यांतली एखादी गाडी परत आली का तुझ्याकडं?”

“परत कोण येतंय, वस्ताद? घाट उतरून गेली की गेली.”

बोलून झाल्यावर निवासचे स्वतःचे कान त्या वाक्यावर अडकले. त्याने वस्तादांकडे बघितलं. वस्ताद त्याच्याकडे बघत नव्हते, डब्याकडे बघत होते.

“ऊठ,” ते म्हणाले.

निवास उठला. वस्तादांनी डबा बाजूला केला.

पुठ्ठ्यावर थेंब होता.

एकच. काळा. अजून ताजा, कडेनं हळूहळू पसरत चाललेला.

निवासने डबा उचलून उलटा केला. डबा रिकामा होता, बूड कोरडं, गंजलेलं. त्याने स्वतःची पँट चाचपली, तळवे बघितले, बुटांचे तळ बघितले. सगळं कोरडं. त्याने वर पत्र्याकडे पाहिलं. तिथं तेलाचं काय काम? मग तो त्या थेंबाकडे बघत राहिला आणि त्याला लहान असताना वाटायची तशी भीती वाटली, जिला नाव नसतं.

“वस्ताद... हे कुठनं आलं?”

वस्तादांनी भिंतीवरचा लांब पेचकस काढला. इंजिन ऐकायचा तोच. त्याचं टोक त्यांनी निवासच्या छातीवर टेकवलं आणि पेचकसाच्या मुठीला कान लावला.

“हलू नकोस.”

निवास हलला नाही. ज्या पेचकसाला तो इतकी वर्षं हसत आला होता, त्याच्या टोकाशी तो श्वास रोखून उभा राहिला.

वस्ताद ऐकत राहिले. बेअरिंग वाजतंय का ते ऐकावं तसे, डोळे मिटून. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“काय ऐकू येतंय?”

वस्तादांनी पेचकसाचं टोक जरा खाली सरकवलं.

“वस्ताद, सांगा की. आक्का माझ्या भरवशावर उतरणार हाय.”

वस्तादांनी पेचकस काढला, टोक फडक्यानं नीट पुसलं आणि तो भिंतीवर परत अडकवला.

आक्का पुन्हा धुक्यातनं आली. थंडीनं तिनं पदर घट्ट लपेटला होता.

“चाचा, धुकं दाट व्हायला लागलंय. निघायचं का?”

वस्ताद गाडीपुढं गेले. बॉनेटवर हात ठेवला, क्षणभर थांबले आणि पेरांनी टकटक केली. दोनदा. धुक्यात ती टकटक भलतीच मोठी वाटली.

निवासचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. तो लगबगीनं पुढं झाला आणि ड्रायव्हरच्या दाराला हात घातला. काचेतून आत त्याला किटली दिसली. चावी वस्तादांच्या खिशात होती, गाडी बंद होती आणि किटली लाल होत होती.

वस्तादांचा म्हातारा हात त्याच्या हातावर आला. त्यांनी त्याची बोटं दारापासून एकेक करून सोडवली. मग खिशातली चावी काढली आणि आक्काच्या हातात दिली.

“गाडी जाऊ दे,” ते निवासला म्हणाले. “तू थांब.”