शेवटच्या ओळीतली रिकामी जागा

त्या कुळाचे पूर्ण नाव सत्तेचाळीस कोटी नव्वद लाख एक हजार पाचशे नव्व्याण्णव, वय मोजणीइतकेच. त्या राज्यात प्रांत बारा होते. जे कुळ समान ओळींत उभे राही, ते प्रांतांत वाटले जाई आणि त्याचे नाव त्याच दिवशी पुसले जाई.

वाटणीचा अधिकारी भागाकार दोरी घेऊन माळावर आला. त्याने कुळातील एककांना दोनदोनांच्या ओळींत उभे केले. शेवटच्या ओळीत एक जागा रिकामी राहिली. तीनतीनांच्या ओळी केल्या. पुन्हा एकच रिकामी. बारापर्यंत हेच घडले. प्रांत बाराच असल्यामुळे भागाकार तेथे थांबला. त्यापुढे मोजण्याची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

"आजोबा," तो कुळातल्या थोरल्या एककाला म्हणाला, "सगळीकडे तुम्ही एकानेच उणे. हा आमचा वाढीव घ्या पदरात. गुणी आहे."

वाढीव नावाचा तो एकक इस्त्रीचा अंगरखा घालून मागे उभा होता.

"मग आमचे काय होईल?" थोरल्याने विचारले.

"मग कसली उणीव? बारा प्रांतांत सुखाने नांदाल."

"आणि नाव?"

"नावाने पोट भरते का, आजोबा?"

थोरला शांतपणे म्हणाला, "तुमच्या वाढीवामुळे कोणत्याही ओळीत जागा रिकामी राहणार नसेल, तर घेतो. एक जरी राहिली, तर दोरी गुंडाळून परत जायचे. शब्द?"

"शब्द," भागाकार हसून म्हणाला.

वाढीव शेवटी उभा राहिला. दोनच्या ओळी भरल्या, तीनच्या भरल्या, बाराच्याही भरल्या. कुळातले काही एकक खाली पाहू लागले.

"आता तेराच्या लावा," थोरला म्हणाला.

"तेरावा प्रांत नाही."

"शब्द प्रांतांचा नव्हता."

तेराच्या ओळी लागल्या. शेवटच्या ओळीत वाढीवाच्या शेजारी एक जागा रिकामी होती. वाढीवाने त्या जागेकडे पाहिले, मग भागाकाराकडे.

"आणखी एक आणतो," भागाकार म्हणाला.

"आणा. मग दोनपासून पुन्हा मोजा. दोनच्या ओळीतही एक जण बाहेर राहील, बाराच्याही. आम्ही एकवीस हजार आठशे शहाऐंशीपर्यंत सर्व ओळी स्वतः उभ्या राहून पाहिल्या आहेत. त्यापुढे ओळी लांबतात तितक्या कमी होतात. लांबी आणि संख्या यांची फक्त अदलाबदल होते, म्हणून तो हिशेब आधीच झालेला असतो. आम्ही कोठेही समान बसत नाही. हे आम्हांला कोणी सांगण्याची गरज नव्हती."

भागाकाराने दोरी गुंडाळली. वाढीव त्याच्या मागून गेला. अंगरख्याला माळाची धूळ लागली होती, ती त्याने झटकली नाही.

त्यानंतर त्या माळावर वाटणीची दोरी आली नाही. कुळ रोज सकाळी बाराच्या ओळींत उभे राहते. शेवटच्या ओळीतली ती एक जागा आधी झाडून घेतात, आणि तेथे कोणालाही उभे राहू देत नाहीत.